जुना खेळ, नवे यंत्र आणि अस्तेय

गेल्या दिवाळीपूर्वी घराची आवरासावर चालली असता माळ्यावरून एक धुळकट खोके खाली उतरले. त्यात सुमारे तीस वर्षांपूर्वीचा, दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळण्याचा एक यंत्रखेळ होता. सोबत तारा गुंडाळलेली दोन हातखुंटे आणि पिवळ्या रंगाच्या चार-पाच चपट्या पेट्या होत्या. या पेट्यांना त्या काळी मुले ‘कॅसेट’ म्हणत. बेळगावच्या खडेबाजारात अगर गणपत गल्लीत १९९० नंतरच्या दशकात ज्यांचे बालपण गेले, त्यांना ही वस्तू ओळखीची वाटेल. खेळ सुरू झाला नाही की कॅसेट काढावी, तिच्या तोंडाशी फुंकर मारावी आणि पुन्हा बसवावी, हा विधी तेव्हाची सगळी मुले संध्येच्या आचमनाइतक्या नेमाने करीत.

आम्हीही ती फुंकर मारून पाहिली. पण यंत्र जागे झाले नाही. नव्या दूरचित्रवाणी संचाला ती तार जोडण्याची सोयच उरलेली नाही. तेव्हा अभियांत्रिकी शिकणारा आमचा पुतण्या म्हणाला, “काका, यंत्र मेले म्हणून खेळ मेला असे नाही.” पाच मिनिटांत त्याने आपल्या संगणकाच्या पडद्यावर तोच मारिओ, तेच संगीत आणि त्याच विटा हुबेहूब उभ्या केल्या. घरातील सर्वजण हरखून पाहत होते. आमच्या मातोश्रींनी मात्र जपमाळ थांबवून, घरातल्या कोंकणीत, एकच प्रश्न विचारला, “पुता, हें चोरयेचें न्हय मू?”

त्या प्रश्नाचे उत्तर घरात कोणालाच देता आले नाही. पुतण्याने “सगळेच करतात” असे म्हटले. पण सगळेच करतात ही सबब आहे, उत्तर नव्हे, हे त्यालाही कळत होते. त्या दिवसापासून हा विषय आमच्या मनात घोळत आहे. विषय पोराटोरांच्या खेळाचा दिसतो. परंतु खोल पाहिले तर, ज्या वस्तूचा मालक ती विकत नाही, जपत नाही आणि जिचे आधारयंत्रच नष्ट झाले आहे, तिची नक्कल करून ती जिवंत ठेवणे ही चोरी की सेवा, असा तो प्रश्न आहे. हा प्रश्न खेळापाशी थांबत नाही, हे पुढे दिसेलच.

प्रथम, पुतण्याने केले काय हे समजून घ्यावे. त्या कॅसेटमध्ये एका इवल्या चकतीवर आज्ञांची एक मालिका कोरलेली असते. मारिओचा तो प्रसिद्ध खेळ १९८५ साली जपानमध्ये निघाला. त्याचा सारा पसारा अवघ्या चाळीस किलोबाइटांचा आहे. म्हणजे हल्ली भ्रमणध्वनीने काढलेल्या एका छायाचित्राच्या मानानेही तो नगण्यच ठरतो. या आज्ञा निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राच्या भाषेत लिहिलेल्या आहेत. आजच्या संगणकाला ती भाषा येत नाही. म्हणून मध्ये एक कार्यक्रम बसवावा लागतो, त्याला एम्युलेटर म्हणतात. तो जुन्या यंत्राची एकेक आज्ञा ऐकतो आणि नव्या यंत्राला त्याच्या भाषेत समजावून सांगतो. घरात कोंकणी, पेठेत मराठी आणि कचेरीत कानडी अशा त्रिस्थळी वावरणाऱ्या आम्हां सीमाभागातील मंडळींना दुभाषी म्हणजे काय हे सांगण्याचे प्रयोजन नाही. एम्युलेटर हा दुभाषी आहे. कॅसेटमधील आज्ञांची जी नक्कल त्याच्या स्वाधीन करावी लागते, तिला रॉम म्हणतात. दुभाषी वेगळा आणि ज्याचे भाषांतर करायचे ते बोलणे वेगळे, हा भेद ध्यानात ठेवला तर पुढील पुष्कळसा गोंधळ टळतो.

दुभाष्याविषयी न्यायालयांचे मत बरेचसे अनुकूल आहे. सोनी कंपनीच्या खेळयंत्राचे काम साध्या संगणकावर करून दाखविणारा कार्यक्रम कनेक्टिक्स नामक कंपनीने काढला, तेव्हा सोनीने तिला न्यायालयात खेचले. २००० साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने निर्णय दिला की, मूळ यंत्राची घडण अभ्यासण्यासाठी आवश्यक तेवढी नक्कल करणे आणि त्या अभ्यासातून स्वतंत्र कार्यक्रम लिहिणे हा योग्य वापर होय. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमातही, स्वतंत्रपणे रचलेला कार्यक्रम दुसऱ्या कार्यक्रमाशी जुळता व्हावा एतदर्थ आवश्यक ती माहिती मिळविण्यास आणि एखाद्या कार्यक्रमाच्या चालीचे निरीक्षण व परीक्षण करण्यास मुभा आहे. तेव्हा दुभाषी निर्दोष आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अडचण आहे ती बोलण्याची, म्हणजे रॉमची. १९८४ च्या दुरुस्तीपासून आपल्या कायद्यात संगणकाचा कार्यक्रम हा वाङ्मयकृतींत मोडतो. कादंबरीला जे संरक्षण, तेच मारिओला! ज्याच्याजवळ कार्यक्रमाची वैध प्रत आहे त्याने ती नष्ट होईल या भयाने स्वतःच्या वापरापुरती दुसरी प्रत करून ठेवण्यास तेच ५२ वे कलम अनुज्ञा देते. हे वाचून आम्हांस क्षणभर हायसे वाटले. आमच्याजवळ कॅसेट आहेच की! परंतु लगेच दुसरा विचार आला. आमच्या पेठेत त्या काळी जी यंत्रे व ज्या पिवळ्या कॅसेटी येत, त्यांतील बहुतेक मुळातच निन्टेन्डोच्या वस्तूंच्या बिनपरवाना नकला होत्या. एका कॅसेटीत शेकडो, हजारो खेळ असल्याची बढाई तिच्या वेष्टनावरच छापलेली असे. अस्सल वस्तू आमच्या पिढीने डोळ्यांनीही पाहिली नाही. आमचे बालपण नकलेवरच पोसले, आणि आता त्या नकलेची नक्कल करताना वैधतेचा आधार आम्ही कोणत्या तोंडाने मागावा? मातोश्रींचा प्रश्न तीस वर्षे मागे जाऊन आम्हांलाच येऊन भिडला.

इतके कबूल केल्यावरही एक गोष्ट बाकी राहते, आणि ती फार महत्त्वाची आहे. कायद्याचे घड्याळ आणि वस्तूचे घड्याळ यांच्या गतीत विलक्षण तफावत आहे. आपल्याकडे ग्रंथकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे त्याचा हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षे होती. रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्क संपण्याची वेळ आली तेव्हा १९९२ साली ती वाढविण्यात आली. अमेरिकेत कंपनीच्या मालकीची कृती प्रसिद्धीपासून पंचाण्णव वर्षे बंदिस्त राहते. म्हणजे १९८५ चा खेळ तेथे २०८१ साली मोकळा व्हावयाचा. उलट, चुंबकीय चकती दहावीस वर्षांत बिघडू लागते आणि ज्या यंत्रावर ती चालायची ते त्याच्याही आधी बाजारातून उठते. ताडपत्राची पोथी नीट राखली तर शतकानुशतके वाचता येते. तिला हक्काची एवढी मोठी मुदत सोसवली असती. जे वीस वर्षांत मरते त्याला शंभर वर्षे कुलपात ठेवले, तर कुलूप उघडेल त्या दिवशी आत काय सापडेल?

ही केवळ कल्पना नव्हे. ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट १९३१ साली झळकला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. दादासाहेब तोरणे यांच्या १९१२ च्या ‘श्रीपुंडलिक’ चित्रपटाची गत तीच. कालांतराने कायद्याने या कृती सर्वांस खुल्या झाल्या, परंतु खुले होण्यास काही शिल्लकच नव्हते. खेळांच्या बाबतीत अमेरिकेतील एका इतिहास-संस्थेने २०२३ साली पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यानुसार २०१० पूर्वी त्या देशात निघालेल्या जुन्या खेळांपैकी सत्त्याऐंशी टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. मग ते टिकले कोणामुळे? १९९७ साली एका इटालियन गृहस्थाने ‘मेम’ हा जुन्या दुकानी खेळयंत्रांचा दुभाषी लिहावयास घेतला आणि जगभरच्या हौशी मंडळींनी तो वाढविला. असे लोक विनामूल्य राबले म्हणून टिकले. कायद्याचा काटा लावला तर यांतील पुष्कळांचे हात मळलेले दिसतील. परंतु ते नसते तर आज हा वाद घालण्यापुरतीही वस्तू उरली नसती.

आपल्या परंपरेत नकलेला चोरी मानलेले नाही. पोथी लिहून काढणे हे पुण्यकर्म होते आणि ती लिहवून दान देणे हे त्याहून मोठे. तथापि परंपरेने स्वैराचारही मानलेला नाही. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या उपलब्ध प्रती ताडून पाठशुद्धी केली आणि यापुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या तीत घालू नयेत असा कडक इशारा देऊन ठेवला. नकल करा, पण कर्त्याचे नाव पुसू नका आणि त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नका, हा तो दंडक आहे. आजच्या कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याच्या नावाचे व कृतीच्या अखंडत्वाचे रक्षण करते. नाथांचे धोरण त्याच वाटेचे होते. हक्काची रक्कम आणि कृतीचा सन्मान या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते.

कोंकणी वाचकांस आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. सोळाव्या शतकात गोव्यात रामायण-महाभारताच्या कथा कोंकणी गद्यात प्रचलित होत्या. देशी लिपीतील मूळ पोथ्या त्या धामधुमीत नाहीशा झाल्या. परंतु भाषा शिकण्यासाठी परकी धर्मोपदेशकांनी त्या रोमन लिपीत उतरवून घेतल्या होत्या. ती हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात राहिली आणि विसाव्या शतकात अभ्यासकांच्या हाती आली. ज्यांनी ती नक्कल केली त्यांना आमच्या वाङ्मयाचे जतन करावयाचे नव्हते. फळ गोड निघाले म्हणून हेतू शुद्ध ठरत नाही, हे आम्ही जाणतो. पण नक्कल नसती तर आज आपली सर्वांत जुनी कोंकणी गद्यकथा आपल्या हाती नसती, हेही तितकेच खरे.

आणि मूर्तींचे काय? त्याच शतकात श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आले. श्रीशांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली. जुने देऊळ गेले, नवे उभे राहिले. नव्या देवळातील देव तोच का, असा संशय कोणा महाजनाने काढल्याचे आम्ही ऐकलेले नाही. देव आणि खेळ यांची तुलना करण्याचा अविचार आम्ही करीत नाही. सांगावयाचे इतकेच की, घर बदलले तरी वस्तूचे स्वत्व टिकू शकते, आणि जुने घर पडत असता नव्या घराची तजवीज करणारा हा चोर नसून सेवेकरी असू शकतो. परंतु ज्यांनी मूर्ती हलविल्या त्यांनी ती आपल्या देव्हाऱ्यात नेऊन खाजगी केली नाही, तिच्यासमोर स्वतःसाठी दानपेटी मांडली नाही. हा ‘परंतु’ विसरला की सेवेची चोरी होण्यास वेळ लागत नाही.

आता मालकाची बाजू. तीही न्यायाने ऐकली पाहिजे. खेळ आकाशातून पडत नाही. चित्रकार, संगीतकार, गणिती अशा अनेकांच्या जागरणातून तो उभा राहतो. त्यांच्या श्रमाचे मोल न देता वस्तू भोगणे हा अस्तेयाचा भंग आहे. पतंजलींनी अहिंसा-सत्यांच्या पंक्तीत अस्तेयाला बसविले ते उगाच नव्हे. २०२४ साली निन्टेन्डोने ‘युझू’ या एम्युलेटरच्या कर्त्यांवर दावा लावला आणि चोवीस लक्ष डॉलर देण्याच्या कबुलीवर तो मिटला. तो एम्युलेटर माळ्यावरच्या यंत्राचा नव्हता. तेव्हा दुकानात विकल्या जात असलेल्या यंत्राचा होता. जिवंत धंद्याच्या ताटातला घास आणि टाकून दिलेले धान्य वेचणे यांत फरक आहे. खुद्द मारिओचेच पाहा. निन्टेन्डोने तो खेळ नव्या नव्या यंत्रांवर पुन्हापुन्हा विकला. २०१६ साली तर जुन्या यंत्राची छोटी प्रतिकृती काढून तीत तो भरून दिला. तो नष्ट होण्याच्या वाटेवर नाही. तेव्हा आमच्या पुतण्याने दाखविलेला मारिओ हा ‘जतन’ या शब्दाच्या आड लपू शकत नाही. तेथे मातोश्रींची शंका रास्तच होती, हे आम्हांस मान्य केले पाहिजे.

पण त्याच खोक्याच्या तळाशी काही संगणकीय चकत्याही होत्या, आणि आमची खरी परीक्षा त्यांनी घेतली. एका देवस्थानच्या स्मरणिकेचे काम वीस-बावीस वर्षांपूर्वी आमच्याकडे होते. पिढ्यानपिढ्या पूजा करणाऱ्या वृद्ध पुरोहितांच्या तोंडून देवस्थानच्या स्थलांतराच्या आठवणी आम्ही टिपून घेतल्या होत्या. पाने वाढली म्हणून त्यांतील अर्धा मजकूर छापावयाचा राहून गेला. सांगणारे आता हयात नाहीत. तो मजकूर त्या चकत्यांवर होता, आणि तोही तत्कालीन टंकलिपीत. नव्या संगणकावर तो उघडला की देवनागरीऐवजी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा चिखल दिसे. ती टंकलिपी ज्या कार्यक्रमावर चाले तो कुलूपबंद होता. कुलूप म्हणजे संगणकाच्या पाठीस लावण्याची एक चिमुकली डबी. डबी हरवली होती, आणि तसे भोक आता संगणकास नसतेही. विकणारी पेढी बंद होऊन तिचे नावनिशाणही राहिले नव्हते. पुतण्याने एम्युलेटरने जुना संगणक उभा केला, कोठूनशी त्या कार्यक्रमाची बिनकुलपी प्रत आणली आणि तीन रात्री खपून मजकूर उतरवून काढला. पुरोहितांचे शब्द पुन्हा वाचताना आमचे डोळे भरून आले. पण ती बिनकुलपी प्रत आमची नव्हती.

येथे कायदा काय म्हणतो? २०१२ साली घातलेले कलम ६५-अ कुलूप फोडण्यास शिक्षा सांगते, पण हक्कभंगाचा हेतू असेल तरच. आमचा हेतू आमचेच लेखन वाचण्याचा होता, आणि मूळ कार्यक्रम आम्ही रीतसर विकत घेतलेला होता. तरीही अपरिचिताकडून आलेली प्रत सर्वस्वी निर्मळ होती असे शपथेवर सांगण्यास आमची जीभ धजत नाही. कायदा कदाचित सोडील. मन तितक्या सहज सोडीत नाही.

अशा वेळी आम्हांस धर्मशास्त्रातील एक जुना शब्द आधाराला आला: निक्षेप, म्हणजे ठेव. मनुस्मृतीने वादाची जी अठरा पदे सांगितली त्यांत त्याला स्वतंत्र स्थान आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असणे हे सदैव पाप नव्हे. ती कोणत्या नात्याने आहे यावर सारे अवलंबून आहे. ठेव सांभाळणारा ती वापरून व्यापार करीत नाही, तिच्यावर आपले नाव घालीत नाही, आणि धनी दारात आला की निमूटपणे परत करतो. मालक परागंदा झालेल्या कृतीकडे याच दृष्टीने पाहावे. जे आजही विकत मिळते ते विकतच घ्यावे. जे मिळत नाही पण ज्याचा धनी ठाऊक आहे, त्याला विचारावे. धनी सापडतच नसेल तर ती वस्तू राखावी. विकू नये, कर्त्याचे नाव झाकू नये, आणि धनी परतला तर त्याच्या स्वाधीन करावी. आमच्या मते व्यक्तीच्या नीतीला इतके पुरेसे आहे. पण ही नीती आपल्या मनापुरती आहे. कायद्याने ती अद्याप मानलेली नाही. म्हणून जोखीमही ज्याची त्याने पत्करावयाची.

एवढ्याने समाजाचे भागत नाही. कायद्यात दारे आहेत, पण ती अरुंद आहेत. मालकाचा पत्ता न लागणाऱ्या कृतीसाठी ३१-अ कलमान्वये परवाना मागता येतो. त्यासाठी वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते, अर्ज करावा लागतो, ठरेल ती रक्कम भरावी लागते. माळ्यावरच्या कॅसेटीसाठी एवढा खटाटोप कोण करणार? २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयास जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली. मात्र त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत ग्रंथालयाजवळ आधीच असली पाहिजे, अशी अट आहे. पुस्तकास ही अट ठीक. परंतु संगणकाचा खेळ अथवा कार्यक्रम जन्मतःच अंकीय. त्याची कागदी प्रत आणावी कोठून? अटीचा शब्दार्थ घेतला तर ज्या वस्तूला जतनाची सर्वाधिक गरज, तिलाच हे दार बंद. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय व अन्य सार्वजनिक ग्रंथालयांस पोचविण्याचे बंधन घातले. कार्यक्रमास तसे बंधन नाही. ही अट काढावी आणि हे बंधन घालावे. हक्काची मुदत मालकाने सुखाने भोगावी. पण मुदत संपेल त्या दिवशी समाजाच्या हाती राख येऊ नये, एवढी हमी त्याच्याकडून घेण्यास काय प्रत्यवाय आहे? समाजाने मालकाला संरक्षण दिले ते फुकट नव्हे. शेवटी वस्तू आपल्याकडे येईल या करारावर दिले. वस्तू मरू देणारा मालक तो करार मोडीत असतो.

मातोश्रींना आम्ही हे सारे जमेल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि निवाडा दिला: जें मेळटा तें विकतें घे, जें मेळना तें सांबाळ. पुतण्याने मारिओची ती नक्कल संगणकावरून काढून टाकली. खेळायचाच झाला तर विकत घेऊन खेळीन, असे तो म्हणाला. पुरोहितांच्या आठवणींची स्वच्छ प्रत आम्ही नव्या लिपीत करून देवस्थानच्या विश्वस्तांच्या स्वाधीन केली, आणि ज्या कार्यक्रमाच्या आधारे ती निघाली त्याच्या अज्ञात कर्त्याचे ऋण तिच्या पहिल्या पानावर नोंदविले. तो कधी भेटला तर त्याचे देणे देण्यास आम्ही तयार आहोत. वाचकांच्या माळ्यावरही अशी खोकी असतील. ती एकदा खाली उतरवावीत, आणि आत काय आहे हे पाहताना ते कोणाचे आहे हेही स्वतःस विचारावे.